'रड सवलत' की रडचा मक्ता?

मुद्रितशोधक:
एका अनुवादाचं प्रूफ तपासतोय आणि एका शब्दावर अडकलोय. प्रसंग आजच्या झिम्बाब्वेतला. एन्डेबेले राजा लोबेन्गुला याने 30 ऑक्टोबर 1888 रोजी एका कागदावर निशाणी केली. दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश खाणमालक सेसिल ऱ्होड्स याने पाठवलेल्या तिघांना, म्हणजे रड, मॅग्वायर आणि थॉम्पसन यांना, त्या कागदाने राज्यातल्या सगळ्या धातूंवर आणि खनिजांवर हक्क मिळाला. बदल्यात दरमहा 100 पौंड, 1000 मार्टिनी-हेन्री रायफली, एक लाख काडतुसं आणि झांबेझी नदीवर एक तोफनौका. नौका नको असेल तर 500 पौंड.

इंग्रजीत याला कन्सेशन म्हणतात. अनुवादकाने पानोपानी 'रड सवलत' लिहिलंय. वाचताना दर वेळी रडायला सूट मिळाल्यासारखं वाटतं. शिवाय मी मुंबईचा. कन्सेशन म्हटलं की मला कॉलेजच्या खिडकीवरचा रेल्वे पासचा फॉर्म दिसतो, आणि "जेवणाच्या सुट्टीनंतर या" म्हणणारे कारकून. लोबेन्गुलाने कोणाचं भाडं कमी केलं नव्हतं. मग काय लिहावं? मक्ता, इजारा, सनद, परवाना?

मोडीवाला:
सवलत नकोच. मुळातला अरबी शब्द सोपेपणा दाखवतो. इथे सोपं काय झालं आणि कोणाला, हा वेगळा विषय. मक्ता जवळचा आहे. जकातीचा मक्ता, मिठाचा मक्ता: ठरलेली रक्कम भरा, वरचं उत्पन्न तुमचं, दुसऱ्या कोणाला त्यात हात घालता येणार नाही. त्यातूनच मक्तेदारी. या कागदातही राजाने इतर सगळ्यांना बाहेर ठेवायचा अधिकार दिलाय. अडचण एवढीच की मक्त्याला मुदत असते, तुमच्या कागदाला ती नाही.

सनद शब्द मात्र राखून ठेवा, पुढे लागेल. 29 ऑक्टोबर 1889 रोजी, म्हणजे वर्षाला एक दिवस कमी असताना, ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला व्हिक्टोरिया राणीकडून मिळाली ती सनद. सनद म्हणजे आधार, टेकू. कंपनीला टेकू राणीचा आणि पाया लोबेन्गुलाच्या कागदाचा.

जाता जाता एक. आपल्याकडच्या इनामपत्रात जमिनीबरोबर काय काय दिलं ते मोजून लिहीत: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. शेवटचे दोन जमिनीखालचे. आणि लगेच 'हक्कदार व इनामदार खेरीज करून', म्हणजे आधीच्यांचे हक्क शाबूत. रडच्या कागदात याच्या बरोबर उलटं एक वाक्य आहे: खनिजं काढून घेण्यासाठी त्यांना जे जे आवश्यक वाटेल ते ते करण्याचा पूर्ण अधिकार. 'त्यांना वाटेल' या दोन शब्दांत सगळं राज्य मावतं.

मुद्रितशोधक:
दुसरा शब्द साक्षीदार. चार्ल्स हेल्म हा लंडन मिशनचा पाद्री तिथे दुभाषा होता. आपण कागद राजाला आणि त्याच्या इंडुनांना, म्हणजे सरदारांना, पूर्ण समजावून सांगितला असा दाखला त्याने त्याच दिवशी लिहून दिला. अनुवादात तो नुसता 'साक्षीदार' आहे. बरोबर आहे?

कोर्टातला:
अर्धं बरोबर. साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा. पाणिनीने तसं सूत्रच केलंय. पण पाहिलं काय? आमच्याकडे खरेदीखतावर दोन साक्षीदार सह्या करतात, त्याला साक्षांकन म्हणतात. त्यांनी फक्त सही होताना पाहिलेली असते. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक असायलाच हवं असं नाही. आमच्या आवारात चहा पिता पिता अशा सह्या करणारे पुष्कळ. साक्ष देणं वेगळं, तिथे उलटतपासणी असते.

हेल्म साक्षांकनावर थांबला नाही, मजकुराची हमी देऊन बसला. म्हणून 'दुभाषा व साक्षीदार' असं दोन्ही लिहा.

मोडीवाला:
आणि त्याच हेल्मने 1889 मध्ये आपल्या मिशनला कळवलं की बोलणी चालू असताना तोंडी वचनं दिली होती. दहापेक्षा जास्त गोरे आणणार नाही, गावांजवळ खणणार नाही, राजाच्या कायद्याने त्याची माणसं होऊन राहू. ही वचनं कागदात उतरली नाहीत, हेही त्यानेच लिहिलं.

मुद्रितशोधक:
म्हणजे फितूर साक्षीदार?

कोर्टातला:
छे. फितूर म्हणजे आधी दिलेला जबाब फिरवणारा. याने काही फिरवलं नाही. दाखलाही त्याचा, पत्रही त्याचं. दाखला ऱ्होड्सच्या कामी आला, पत्र मिशनच्या दप्तरात गेलं.

खरी गंमत दुसऱ्या बाजूला आहे. कागदात नेमकं काय आहे हे लोबेन्गुलाला सांगितलं कोणी? ज्यांना स्वतःला हक्क हवे होते त्या गोऱ्यांनी. त्यांतला एडवर्ड माँड गिफर्ड आणि कॉस्टन यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस. हे हितसंबंधी साक्षीदार. असा साक्षीदार खोटंच बोलतो असं नसतं, फक्त कोर्ट त्याचं म्हणणं जास्त चाळून घेतं. माँडबरोबर राजाचे दोन इंडुना, बाबायाने आणि म्शेटे, लंडनला गेले आणि मार्च 1889 मध्ये राणीला भेटले. परतताना राणीच्या नावाने उत्तर मिळालं ते असं: राजाने परक्याला एक बैल द्यावा, सगळं खिल्लार देऊ नये, नाहीतर पुढच्या परक्यांनी खायचं काय? सल्ला छानच. दरम्यान माँडचे मालक ऱ्होड्सला जाऊन मिळाले, आणि सात महिन्यांत त्याच सरकारने सनद दिली.

मोडीवाला:
'पुढच्या परक्यांनी खायचं काय' हे फार बोलकं आहे. घरच्यांनी खायचं काय, हे विचारलेलं नाही.

मुद्रितशोधक:
आता माझी खरी अडचण. 23 एप्रिल 1889 च्या पत्रात लोबेन्गुला राणीला कळवतो: कागदात काय आहे असं मी विचारलं, तेव्हा यात तुझे शब्द आणि त्या माणसांचे शब्द आहेत असं मला सांगितलं, म्हणून मी हात लावला. आता माझे इंडुना हा कागद मानत नाहीत, कारण यात ना माझे शब्द आहेत ना तो मिळवणाऱ्यांचे. अनुवादकाने 'शब्द'च्या जागी 'मजकूर' घातलाय.

मोडीवाला:
मजकूर अजिबात नको! मराठीत शब्द दिला म्हणजे वचन दिलं, शब्द पडू दिला नाही म्हणजे मान राखला. राजा नेमकं तेच म्हणतोय. मजकूर कागदात होताच, शब्द नव्हता.

गोंयकार:
उशिरा आलो. आमच्या गोव्यात खाणींबाबत कन्सेशन हाच रूढ शब्द होता, पोर्तुगीज 'कन्सेसांव'वरून. 1987 च्या कायद्याने ही कन्सेशनं रद्द करून त्यांचं खाणपट्ट्यांत रूपांतर केलं, तेही 20 डिसेंबर 1961 पासून लागू धरून. तेव्हापासून बोलण्यात लीज. म्हणून म्हणतो, प्रकरणाच्या नावात कन्सेशनच ठेवा. कंसात खाणपट्टा घालू नका, त्याला मुदत, हद्द, स्वामित्वधन सगळं येतं. त्या कागदात हद्द म्हणजे राजाचं सगळं राज्य.

मुद्रितशोधक:
ठरलं. नावात कन्सेशन, चालू मजकुरात मक्ता, 29 ऑक्टोबरला सनद. हेल्म दुभाषा व साक्षीदार. पत्रात 'शब्द'. उरला तो रड.

कोर्टातला:
'रड्ड' लिहा. ड ला ड जोडला की रडू येत नाही.