मदत हवी आहे: 'द डार्क नाइट रिटर्न्स'ची मराठी सबटायटल्स

मंडळी, फ्रँक मिलरच्या १९८६च्या चार अंकी बॅटमन कॉमिकवरच्या ॲनिमेशनपटाची मराठी सबटायटल्स करतोय. दोन भाग, २०१२ आणि २०१३; दिग्दर्शक जे ओलिव्हा. इंग्रजी एसआरटी (संवाद आणि त्यांच्या वेळा असलेली सबटायटल्सची फाइल) दोन्ही भागांची वेगवेगळी आहे, माझ्याकडची डिस्क मात्र एकत्र आवृत्तीची.

पहिली अडचण वेळेची. भाग एकची फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी केलेली, माझा व्हिडिओ २३.९७६चा, त्यामुळे तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो. नुसतं मागेपुढे सरकवून भागत नाही, सगळ्या वेळा १.०४२७ने गुणाव्या लागतात. ते जमलं. भाग दोनचं काय? पहिला संवाद जुळवला तरी शेवटाकडे ओळी पुन्हा घसरतात. मधेच काही फ्रेम कापल्या असतील का? की पहिला आणि शेवटचा असे दोन संवाद धरून ताणावं?

दुसरी अडचण टीव्हीवरची. पेनड्राइव्हवरून लावलं की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. फाइल यूटीएफ-८ (म्हणजे युनिकोड) आहे, संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्यवस्थित दिसते, म्हणजे दोष टीव्हीच्या प्लेअरचा. अक्षरं चित्रातच छापून टाकावीत, की चित्ररूपी सबटायटल्स (ओळींची चित्रं असलेली वेगळी फाइल) चालतील?

आणि एक, जरा चवीचा प्रश्न. कॉमिकमधलं बॅटमनचं स्वगत चित्रपटात जवळपास नाहीच, पण वृत्तनिवेदक अखंड बोलतात, तेही एकमेकांवर. ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा पाळायची तर सॉफ्टवेअर काना-मात्राही वेगळे मोजतं. तुम्ही मर्यादा किती धरता? निवेदकांना तिरपी अक्षरं देवनागरीत फार वाईट दिसतात, दुसरा रंग द्यावा का?