नीती ज्याची त्याची असते का?

चहाबाज:
मागच्या महिन्यात धाकटे काका गेले, गावी गेलेलो. काकूचा हात दगडावर ठेवून बांगड्या फोडल्या, एक काच मनगटात घुसली, रक्त यायला लागलं तर एक बाई म्हणते आटपा गं, ऊन चढतंय. मी ओरडलो. मोठे काका म्हणाले तू पुण्यात राहतोस म्हणून तुला चूक वाटतं, आमच्याकडं हीच रीत. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. खरं कुणाचं मग? की नीती पण भाजीतल्या मिठासारखी, ज्याची त्याची चव?

कट्ट्यावरचा_तात्या:
काळ बदलतो तशी नीती बदलते, सिंपल. १८९१ ला मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं कायद्यातलं किमान वय, १० चं १२ करायचं म्हटलं तर केवढा गदारोळ, टिळक विरोधात, आगरकर बाजूने. आज १२ ऐकूनच अंगावर काटा येतो. आपलं पण काहीतरी नातवंडांना असंच वाटणार, म्हणून कोणाला जज करू नये.

मिरजेची_मावशी:
तात्या, "त्या काळी चालायचं" म्हणजे नक्की कुणाला चालायचं? १८९० ला मुंबईत न्हाव्यांनीच विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. काळ तोच की! आणि जिच्या डोक्यावरून वस्तरा फिरायचा तिला कुणी विचारलं होतं? चवीचंच म्हणताय तर घास ज्याच्या तोंडात आहे त्याला विचारा ना.
चहाबाज, मोठ्या काकांना सांग, २०२२ ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं. ते काय पुण्यात नाही.

कट्ट्यावरचा_तात्या:
हा पॉइंट आहे. पण ठराव म्हणजे बहुमत, उद्या उलटा ठराव झाला तर? शिवाय माझ्या आजीनं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

मिरजेची_मावशी:
उलटा ठराव झाला तरी काच घुसायची तिथंच घुसणार, ठरावाआधी पण दुखतच होतं की. आजीचं मला माहीत नाही बाई, पण न पुसता राहिल्या असत्या तर गल्लीनं हळदीकुंकवाला बोलावलं असतं का तेवढं सांगा.

चहाबाज:
काल काकूला फोन केला. तुला तेव्हा काय वाटलं म्हणून सरळ विचारलंच. आधी म्हणाली रीतच आहे रे, जेवलास का. मग जरा वेळानं म्हणाली, गौरीला भरलेल्या होत्या, हिरव्या, नुसत्या काढून दिल्या असत्या तरी झालं असतं.