तपासून घेतलेली घोडी आजारी निघाली: डॉक्टर किती जबाबदार, व्यापारी किती?

येऊरची_वाट
माझ्या मावसभावाने गेल्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी घेतली. मुलगी ठाण्यात रायडिंग शिकते, तिच्यासाठी. घोडबंदर रोडला आतल्या बाजूला भाड्याची पागा आहे, तिथे ठेवली आहे. पैसे देण्याआधी त्याने रीतसर फी देऊन पशुवैद्याकडून तपासणी करून घेतली. छाती, डोळे, दात, खूर पाहिले, चालवून आणि दुडकी पळवून पाहिलं. कागदावर लिहून मिळालं: ‘घोडी निरोगी आहे.’

इथे आल्यावर काही आठवड्यांत ताप सुरू झाला. दोन दिवस चढायचा, मग आपोआप उतरायचा. चंदी पूर्ण संपवत होती, तरी बरगड्या दिसायला लागल्या. मग मागच्या पायांवर आणि पोटाखाली सूज आली. ठाण्यातल्या डॉक्टरांनी ताप चढलेला असताना रक्त घेतलं आणि त्यात सर्राचे परजीवी सापडले. उपचार चालू आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या डॉक्टरने ‘निरोगी’ लिहून दिलं, त्याने फी परत करावी आणि उपचाराच्या खर्चातही वाटा उचलावा. त्या कागदावर विसंबूनच भावाने पैसे मोजले. तुम्हाला काय वाटतं?

परळचा_पशुवैद्य
ताई, मी घोड्यांचंच काम करतो. तुमचा संताप समजतो, पण मागणी पटत नाही.

सर्रा हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या परजीवीचा आजार. ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तो डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) भागातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात प्रथम पाहिला, म्हणून त्यांचं नाव. हा परजीवी रक्तात सतत दिसत नाही. ताप चढतो तेव्हा त्याची संख्या वाढते. ताप उतरला की सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काचपट्टी कितीही वेळ पाहिली तरी काही हाती लागत नाही. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडाही जातो, कधी दोन महिनेही. यात्रेच्या दिवशी ताप नाही, सूज नाही, घोडी खाते-पिते, चाल सरळ. अशा घोडीत कोणता डॉक्टर सर्रा ओळखेल?

खरेदीपूर्वीची तपासणी म्हणजे त्या दिवशी त्या जनावरात काय दिसलं याचं मत. पुढच्या महिन्याची हमी कुणी देऊ शकत नाही.

खारघर_रायडर
डॉक्टरसाहेब, मग कागदावर तसं लिहा ना! ‘आज बाहेरून तपासले असता दोष आढळला नाही, रक्त तपासलेले नाही’ असं लिहायला काय जड जातं? ‘निरोगी आहे’ हे वाक्य वाचून सामान्य माणूस काय समजेल? कुठून कुठून आलेली जनावरं यात्रेत खेटून उभी असतात हे त्या डॉक्टरला माहीत होतं, मावसभावाला नव्हतं. सर्रासाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी चाचणीही असते, ती अंगात ताप नसतानाही करता येते. ती सुचवलीसुद्धा नाही. याला निष्काळजीपणा म्हणायचं नाही तर काय?

माझ्या ओळखीतल्या एकांनी रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतला होता. तपासणीच्या दिवशी सरळ चालला. पनवेलला आणल्यावर तिसऱ्या दिवसापासून पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक देऊन आणला होता, असा तिथल्या डॉक्टरचा संशय, पण तोवर रक्तातून सिद्ध करायची वेळ निघून गेली होती. ब्रिटनमध्ये खरेदीच्या तपासणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन सहा महिने जपून ठेवतात, नंतर घोडा लंगडला तर त्यात वेदनाशामक शोधता येतं. आपल्याकडे नुसती एक बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवायला कोण अडवतं?

परळचा_पशुवैद्य
शब्दांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ‘निरोगी’ हा शब्द मी स्वतः कधी लिहीत नाही. पण अँटिबॉडीच्या चाचणीचंही ऐका. लागण नवी असेल तर अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात. आणि यात्रेत विकणारा म्हणतो, आत्ता घ्या नाहीतर मागे गिऱ्हाईक उभं आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायची तयारी घेणाऱ्याचीही नसते. डॉक्टर रक्त तपासा म्हणाला की ‘खर्च कशाला वाढवताय’ हे उत्तर मी कितीदा ऐकलं आहे.

कळव्याचा_मोतद्दार
सगळे डॉक्टरच्या मागे लागलात. ज्याने घोडी विकली तो कुठे आहे या चर्चेत?

आमच्या घरात तीन पिढ्या घोड्यांची आहेत. लग्नाच्या घोड्या, नंतर क्लबांची कामं. यात्रेत भाव कशावर ठरतो ते सांगतो. उंची, कान, रंग आणि अंगावरच्या केसांचे भोवरे. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) असेल, नुकरा (पूर्ण पांढरा) असेल, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) असेल तर किंमत चढते. अशुभ भोवरा निघाला तर उत्तम तब्येतीची घोडी पडून राहते. गिऱ्हाईक तासभर भोवरे मोजतं आणि खुराच्या तळव्याकडे बघतही नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मग तो जनावराच्या तब्येतीवर कशाला खर्च करेल? तेल लावून कांती चमकवली, गूळ-हरभरा चारून पोट भरलेलं दाखवलं की झालं.

आणि एक विचारतो ताई, राग मानू नका. तो कागद नक्की तपासणीचाच आहे ना? घोडा गाडीतून न्यायला प्रवासाला योग्य असल्याचा दाखला लागतो. १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांत तो आहे. त्यात एवढंच पाहतात की जनावराला प्रवास झेपेल का. पुष्कळ लोक तोच दाखला फ्रेम करून ठेवतात आणि डॉक्टरने पास केलंय म्हणून सांगतात.

येऊरची_वाट
दादा, राग कसला. दोन्ही कागद वेगळे आहेत, मी स्वतः पाहिले. तपासणीची फीही वेगळी दिली होती. पण डॉक्टर व्यापाऱ्यानेच बोलावला होता, हे मला काल कळलं. भाऊ म्हणतो, तिथे दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं.

खारघर_रायडर
मग विषयच संपला. विकणाऱ्याने आणलेल्या डॉक्टरचं मत हे विकणाऱ्याचंच मत.

परळचा_पशुवैद्य
एवढ्यावरून त्याला बेईमान ठरवू नका. पण घेणाऱ्याने स्वतःचा डॉक्टर न्यावा, आणि त्या डॉक्टरने आधी विकणाऱ्याचं काम केलं असेल तर त्याने ते आपणहून सांगावं, हे मात्र खरं.

कोर्टनाका_वकील
१८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७ फसवणुकीबद्दल आहे आणि त्यातली उदाहरणं चक्क घोड्याची आहेत. क लिलावात ख ला घोडा विकतो, घोड्यात दोष आहे हे क ला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. ही फसवणूक नाही. पण ख ने विचारलं, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन,’ आणि तरी क गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. म्हणजे सगळं तुम्ही काय विचारलं यावर आहे. तुमच्या भावाने व्यापाऱ्याला काही विचारलं होतं का?

डॉक्टरचं प्रकरण वेगळं. फी देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पण त्याच परिस्थितीत दुसऱ्या सक्षम डॉक्टरने वेगळं काय केलं असतं, ते तुम्हाला दाखवावं लागेल. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं नसतं.

येऊरची_वाट
विचारलं होतं. फोनवर मेसेज आहे: ‘आधी काही आजारपण?’ उत्तर: ‘ठणठणीत आहे, जबाबदारी माझी.’

कोर्टनाका_वकील
तो मेसेज जपून ठेवा. गप्प बसण्यापेक्षा हे फार पुढचं आहे. मात्र फसवणूक म्हणायची तर त्याला आजार माहीत होता, किंवा आपण बोलतो ते खरं आहे असं त्याला वाटत नव्हतं, हे सिद्ध करावं लागेल. आधी कुठे उपचार झाले होते का, ते शोधा.

बदलापूर_गोठा
मला एक खटकतंय. घोडीला लागण सारंगखेड्यालाच झाली हे कशावरून? सर्रा गोमाशांच्या चाव्यातून पसरतो. गायी-म्हशींच्या अंगात हा परजीवी असतो आणि त्या वरून धडधाकट दिसतात. ठाण्यात पागेच्या आसपास म्हशींचे तबेले किती आहेत बघा. माझ्या स्वतःच्या म्हशी आहेत, शेजारच्याचा घोडा याच आजाराने गेला तेव्हा आम्हाला हे कळलं. इथे आल्यावर लागण झाली असेल तर त्या डॉक्टरवर आणि व्यापाऱ्यावर, दोघांवरही अन्याय होईल.

येऊरची_वाट
पागेच्या मागे तबेला आहे, खरं. पण त्याच पागेतल्या बाकी घोड्यांचं रक्त तपासून घेतलं, कुणातही काही मिळालं नाही. आणि आली तेव्हा थंडी होती, माशा फारशा नव्हत्या.

परळचा_पशुवैद्य
थंडीचा मुद्दा वजनदार आहे, गोमाशा पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त असतात. पण बाकीच्या घोड्यांचं रक्त एकदाच तपासलं असेल तर वर मी सांगितलेलीच अडचण तिथेही येते. एका काचपट्टीने घोडा मोकळा ठरत नाही. त्या सगळ्यांचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजा. घोड्याचं तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असतं, त्यावर गेलं की लगेच रक्त घ्या. पागेत फिरणारे कुत्रेही पाहा, त्यांनाही हा आजार होतो.

खारघर_रायडर
व्यापारी घोडी बदलून देतो म्हणत असेल तर देऊन टाका. मुलीला आणखी सहा महिने वाट पाहायला लावण्यात अर्थ नाही.

कळव्याचा_मोतद्दार
अजिबात देऊ नका. परत गेलेली घोडी बरी करून विकतील असं वाटतं का तुम्हाला? सूज उतरेपर्यंत काहीतरी टोचतील, तेल लावतील आणि पुढच्या यात्रेत दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीसाठी विकतील. वाटेत शंभर जनावरांत उभी राहील ती वेगळीच. उपचार इथेच पूर्ण करा. व्यापाऱ्याकडून घोडी नको, पैसे मागा.

खारघर_रायडर
आणि उपचार लागू पडला नाही तर? तो खर्च तुम्ही देणार आहात का? आईबापांच्या खिशाचाही विचार करा.

येऊरची_वाट
घोडी परत द्यायची नाही, हे घरात ठरलं आहे. व्यापाऱ्याला नोटीस जाईल, उपचाराचा खर्च त्याच्याकडेच मागणार. डॉक्टरकडून खर्चात वाटा मागायचा हट्ट मी सोडते, लागण कुठे झाली हे खरंच सांगता येत नाही. पण फी परत मिळालीच पाहिजे. रक्त न तपासता ‘निरोगी’ लिहिलं आणि आपल्याला कुणी बोलावलंय ते लपवलं, त्या कागदाचे पैसे का द्यायचे?

परळचा_पशुवैद्य
लपवलं असेल तर द्यावी परत. ‘निरोगी’ लिहिलं एवढ्यासाठी नाही. त्याने तपासायचं ते तपासलं, मेहनत केली. यावर आपलं जुळणार नाही. औषधाचा कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायला विसरू नका, परजीवी पुन्हा डोकं वर काढतो.