इंग्लंडची दुसऱ्या फळीची आइस हॉकी लीग सारखी का मोडते?

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
मंडळी, आमचा एक क्लायंट गिल्डफर्डचा आहे, त्याच्या नादाने आइस हॉकी बघायला लागलोय. हिवाळ्यात तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे शिफ्टमध्ये एका कोपऱ्यात स्ट्रीम लावून ठेवता येतो. वरची एलिट लीग कळली, पण त्याच्या खालच्या लीगचा इतिहास वाचायला घेतला आणि डोकं गरगरलं. आधी ब्रिटिश नॅशनल लीग, मग इंग्लिश प्रीमियर, मग नॉर्थ आणि साउथ वेगळं, आता नॅशनल डिव्हिजन. टीम बऱ्याचशा त्याच, पाटी मात्र नवीन. फुटबॉलसारखं पहिला आला तो वर, शेवटचा आला तो खाली असं का नाही? कृपया विकिपीडियाची लिंक देऊ नका, तिथूनच आलोय.

धनकवडीचा_गोली:
वर-खाली जाणं तिकडे आहे, फक्त ते पॉइंट टेबलवर ठरत नाही, खिशावर ठरतं. ही गोष्ट १९९६ पासून धरा. तेव्हा मोठी अरीना असलेल्या क्लबांनी सुपरलीग काढली, परदेशी खेळाडूंची रांग लावली, १९९७ मध्ये मँचेस्टरला एका मॅचला १७,२४५ लोक होते, म्हणजे सगळ्यांना वाटलं आता आपण मोठे झालो. उरलेले क्लब ब्रिटिश नॅशनल लीगमध्ये. पण पगार भागेनात, २००२ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर स्टॉर्म आणि स्कॉटलंडचा एअर ईगल्स हे दोन क्लब सीझन चालू असतानाच बंद पडले आणि २००३ ला सुपरलीगच गुंडाळली. मग एलिट लीग काढली, पण त्यात टीम कुठून आणणार? खालूनच! कार्डिफ, कॉव्हेंट्री, बेसिंगस्टोक उचलले. २००५ ला न्यूकॅसल आणि एडिनबर्गही वर गेले आणि नॅशनल लीग तिथेच संपली. फाइफ आणि डंडी स्कॉटलंडच्या लीगमध्ये गेले, गिल्डफर्ड आणि ब्रॅकनेल इंग्लिश प्रीमियरमध्ये. गंमत बघा, ही प्रीमियर तोपर्यंत तिसऱ्या नंबरची होती, वरची मेली म्हणून आपोआप दुसरी झाली, काहीही न जिंकता.

कर्वेनगर_टू_स्विंडन:
+१. आणि २०१७ ला तोच पिक्चर परत लागला. जानेवारीत मँचेस्टर फीनिक्स बाहेर पडले, मग गिल्डफर्ड आणि मिल्टन कीन्स एलिटमध्ये निघाले, मागे उरलेल्यांची लीग कशी चालणार? प्रीमियर बंद. आमचे स्विंडन वाइल्डकॅट्स, बेसिंगस्टोक, ब्रॅकनेल, पीटरबरो साउथमध्ये आणि हल, टेलफर्ड, शेफील्ड स्टीलडॉग्ज नॉर्थमध्ये. दोन वर्षं दुसरी फळी अशी विभागून चालली. बजेट असलेल्या टीम आणि दिवसा नोकरी करून रात्री खेळणारी पोरं एकाच टेबलात, त्यामुळे बऱ्याच मॅच एकतर्फी व्हायच्या. २०१९ ला दहा टीम एकत्र करून नॅशनल डिव्हिजन केलं तेव्हा कुठे बघण्यात मजा आली. मिल्टन कीन्सही त्याच वर्षी एलिट सोडून खाली आले.

पर्वती_पायथा:
म्हणजे सगळा दोष एलिटचा? मला नाही पटत. बेसिंगस्टोक २००९ ला स्वतःहून खाली उतरले होते, झेपत नव्हतं म्हणून, आणि त्यात मला तरी लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. खरी गोम रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानात आहे. फीनिक्सचं ऑल्ट्रिंगमचं रिंक २०१५ ला गेलं, त्यानंतर ते सावरलेच नाहीत. लीड्सची नवी टीम २०१९ ला आली तर रिंक तयार नाही, घरच्या मॅचसाठी महिनोन्‌महिने थांबले. बर्फ ज्याच्या हातात, लीग त्याच्या हातात.

धनकवडीचा_गोली:
@पर्वती_पायथा रिंकचं शंभर टक्के बरोबर, पण २००५ आणि २०१७ दोन्ही वेळा शेवटचा धक्का वरून टीम काढून घेतल्याचाच होता. सात ते नऊ टीमांच्या लीगमधून दोन गेल्या की फिक्स्चर कसं लावणार, त्याच त्या टीमशी किती वेळा खेळणार, आणि लोक तिकीट काढून किती वेळा बघणार?

कर्वेनगर_टू_स्विंडन:
रिंकबद्दल एक सांगतो. आमचं स्विंडनचं लिंक सेंटर म्हणजे पोहणं, जिम, स्केटिंग सगळं एकाच छपराखाली. हॉकीला बर्फ मिळतो तो बाकीच्यांच्या वेळा सांभाळून. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, मध्ये ती झँबोनी गाडी फिरून बर्फ गुळगुळीत करते, तोवर सगळे चिप्सच्या रांगेत. पक, म्हणजे ती रबरी चकती, काचेवर आदळला की छातीत धडकतं, जॅकेट घालूनही पाय गारठतात. हे सगळं आठ-नऊ हजारांच्या अरीनात मिळत नाही, म्हणून मी एलिटपेक्षा इथेच जातो.

नाना_रोलर:
आपल्याकडे पुण्यात रोलर हॉकीची पोरं बक्कळ आहेत, चाकांवर मस्त पळतात, पण बर्फ कुठे आहे? डेहराडूनचं रिंक २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलं, बाकी खरी आइस हॉकी लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर. आपल्याकडे लीग मोडायला आधी रिंक तरी पाहिजे ना राव.

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
भारी माहिती, सगळ्यांचे आभार. क्लायंटला २०१७ बद्दल विचारलं तर म्हणाला आम्ही वर गेलो, खालच्यांचं काय झालं ते बघितलंच नाही. आता या रविवारी स्विंडनची मॅच लावतो. @कर्वेनगर स्ट्रीम फ्री असतो की पैसे भरावे लागतात?