पद्मिनी ठेवायची की स्कॉर्पिओ एन घ्यायची?

गंगापूररोडकर: घरी पप्पांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, चालू कंडिशन. पार्किंग एकच, म्हणून धाकटा मागं लागलाय, ही विक अन स्कॉर्पिओ एन घे. माझं मत आधीच सांगून टाकतो, पद्मिनी कुठं जात नाही. 1089 सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, स्पार्कचे पॉइंट, सगळं बोनेट उघडलं की समोर दिसतं, फिटरला लॅपटॉप लागत नाही. रुंदी दीड मीटरसुद्धा नाही. एन 1917 मिमी रुंद, ती घेऊन संध्याकाळी नाशिकच्या गर्दीत, रविवार कारंजाला या, मग बोलू.

सातपूरचा_गडी: रुंदीचं सोड भाऊ, ब्रेकचं बोल. चारही ड्रम, एअरबॅगचा पत्ता नाही, 40 च्या आसपास बीएचपी, अन मागून कंटेनर हॉर्न मारतोय, अशात मुंबई हायवेला ओव्हरटेक करणार तू? एनला 2022 मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 5 स्टार दिलेत. आणि मे महिन्यात कसारा घाटात व्हेपर लॉक झालं, म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, की इंजिनजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचे लोक, ते विसरला का? शिवाय स्कॉर्पिओ आपल्या नाशिकची गाडी!

अंबड_शिफ्टवाला: 2002 ची पहिली स्कॉर्पिओ नाशिकची, बरोबर. एन चाकणला बनते. अभिमानापोटी घेणार असाल तर आधी हे बघा.

देवळालीची_ताई: दोघंही फक्त चालवणाऱ्याचं बोलताय. आईंचे गुडघे दुखतात का ते विचारलं कुणी? एसयूव्हीत चढायला फुटस्टेप लागते, हँडल धरून वर ओढून घ्यावं लागतं स्वतःला. पद्मिनीत पटकन बसता येतं, हां, उठताना मात्र हात द्यावा लागतो. तरी पुढच्या सलग सीटवर, गिअर स्टिअरिंगपाशी असल्यामुळं, तिघं बसून गप्पा मारत जायची मजा एनच्या कॅप्टन सीटला नाही, म्हणजे नाही.

सातपूरचा_गडी: ताई, पुढं तिघं, तेही एअरबॅगशिवाय, ही मजा नाही हो. काळजी वाटते म्हणून बोलतोय.

पंचवटी_एक्सप्रेस: विंटेज नोंदणी करून टाक की राव.

अंबड_शिफ्टवाला: नाही होत. 2021 च्या नियमात 50 वर्षं पूर्ण पाहिजेत, म्हणजे 2036. अन विंटेजची व्हीए नंबरप्लेट लागली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. त्यापेक्षा फिटनेस तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणीचं साधं नूतनीकरण सुरू ठेवा. खरं टेन्शन ई20 चं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं आहे, जुने रबर पाइप अन फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलनं लवकर खराब होतो, ते आधी बदला.

गंगापूररोडकर: हे कामाचं बोललात. नाशकात फियाटचा, म्हणजे पद्मिनीचा कार्बोरेटर नीट ट्यून करणारं कुणी राहिलंय का?

सातपूरचा_गडी: पाइप बदल, ट्यून कर, गावात मिरव. पण घरच्यांना घेऊन मुंबईला निघालास तर भाड्यानं तरी एसयूव्ही कर. माझं मत बदलणार नाही.