मदत हवी आहे: विश्वामित्री नदीच्या तळाखालचे जीव आणि जड धातू

नमस्कार मंडळी, बडोद्यात कोणी झूलॉजीवालं आहे का? एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, नदीच्या तळाखाली वाळूच्या फटींत राहणारे कोपेपॉडसारखे बारीक जीव आणि त्यांच्यावर झिंक, कॅडमियम, शिशाचा परिणाम. नुसतं वरचं पाणी तपासून भागत नाही, धातू गाळाला चिकटून बसतात आणि पाणी आम्लधर्मी झालं की परत सुटतात. धातूंमुळे मेफ्लाय या किड्याच्या पाण्यातल्या अळ्या लवकर मरतात, ट्युबिफेक्सचे लाल जंत मात्र मजेत, पण ते सांडपाण्यातही मजेतच असतात ना, मग दोष धातूचा की गटाराचा हे वेगळं कसं काढायचं? आणि बू-रूश पंप (तळात पाइप ठोकून वाळूतलं पाणी जीवांसकट उपसायचा हातपंप) कोणाकडे मिळेल का? त्यासाठी जीआय (झिंकचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सुचवू नका प्लीज, त्याचंच झिंक सॅम्पलमध्ये उतरेल. मगरींपासून जरा लांबची, उथळ जागा माहीत असेल तर तीही सांगा, घरचे आधीच ओरडतायत.