शाळेची अपेक्षा आणि आपली मुलं

तुमच्या ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाच्या अॅडमिशनबद्दल शाळा म्हणते ‘आधी ३५ मिनिटं एका जागी बसायला शिकवा मग बघू’, हे तुम्ही लिहिलंय ना, अगदी तेच आम्हालाही ऐकवलं होतं. अहो, बसणं हे काय अॅडमिशनचं क्वालिफिकेशन आहे का! आमचा लेक उभा राहून, हात हलवत, खिडकीबाहेर बघत सगळं ऐकतो आणि घरी येऊन बाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतो, पण डोळ्यात बघत नाही म्हणून ‘लक्ष नाही’ असा शेरा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्ट नमूद आहे, आणि त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेला जास्तीचा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं लिहिलंय. ३ तासांच्या पेपरला सीबीएसई १ तास जास्त देतं. म्हणजे दहावीला सवलत आणि पहिलीत हाताची घडी तोंडावर बोट, कमाल आहे ना?

तुम्ही शाळेला सवलतींसाठी लेखी अर्ज द्या, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्याच, तोंडी बोललेलं पुढच्या वर्षी बाई बदलल्या की हवेत जातं. आणि हो, मधल्या सुट्टीच्या घंटेच्या आवाजाचा त्रास होतो का तेही बघा, आमच्याकडे निम्मा गोंधळ त्या घंटेमुळेच होता.